तांड्याबाहेरची तीज

तालुक्याच्या महोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर देवीलालचं नाव खालून तिसऱ्या ओळीत होतं. 'विशेष उपस्थिती : श्री. देवीलाल राठोड, बंजारा लोकसंस्कृतीचे अभ्यासक.' दीनानाथ सरांनी पत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि पहिली पत्रिका त्याच्या हातात ठेवली. देवीलालनं ती तिथंच दोनदा वाचली. घरी येऊन बायकोला, चंदाला, वाचून दाखवली. मग कपाटात सर्व्हिस बुकाच्या फाईलमध्ये नीट ठेवून दिली.

चौदा वर्षं तो प्राथमिक शिक्षक होता. आर्णीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचा आणि रोज मोटरसायकलनं घाट चढून बोरटेक तांड्यावरच्या शाळेत जायचा. तांडा त्याचाच. तिथंच जन्मला, तिथंच बकऱ्यांमागं फिरला. पण तालुक्याच्या बैठकांना त्याची ओळख 'तांड्यावरचे गुरुजी' एवढीच होती. चहा घेताना कुणी विचारायचं, "काय गुरुजी, तुमच्याकडे अजून हातभट्टी चालते का?" आणि तो हसायचा. हसल्याबद्दल नंतर स्वतःवरच चिडायचा. अभ्यासक असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दीनानाथ सर महोत्सव समितीचे चिटणीस. घरात तीन पिढ्या वकिली आणि मास्तरकी. माणूस वाईट नव्हता. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरून टाकली होती. हिरवं बोंड फोडलं की आत कापसाऐवजी अळी निघायची. लोक उभ्या पिकात गुरं सोडत होते. पत्रिका छापायच्या आधीच सर त्याला म्हणाले होते, "राठोड, लोकांचं मन मेलंय. जानेवारीत एक दुपार तरी आनंदाची होऊ दे. पोळा, कोलामांचा दंडार नाच, तुमची तीज, सगळे सण एकाच मंचावर आणू."

"सर, तीज श्रावणात असते. बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस वाढवतात," देवीलाल म्हणाला.

"लोकांना काय कळतंय? दहा-पंधरा मिनिटांचं तर आहे."

बोलता बोलता देवीलालनं त्यांना सांगितलं की यंदा श्रावणातही तांड्यावर तीज झालीच नाही. हरसिंग गेला म्हणून. हरसिंग दुसऱ्याच्या कपाशीवर रोजानं फवारणी करायचा. वारा फिरला, औषध अंगावर आलं, दोन दिवसांनी डोळ्यांना दिसेना आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात संपला. तीज बसायला तेव्हा अकरा दिवस होते. त्याची पोरगी बिजली सोळा वर्षांची. यंदा पोरींमध्ये पुढं तीच असणार होती. तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, सगळ्यांना बोलावून सांगितलं की या वर्षी टोपल्यात गहू पडणार नाही, आणि कुणीही वाद घातला नाही.

दीनानाथ सरांनी हरसिंगचं नाव कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाले, "राठोड, ती मुलगी मंचावर असायलाच हवी."

सर असं का म्हणाले हे देवीलालला त्याच वेळी कळलं होतं. पुढं कितीतरी दिवस त्यानं स्वतःला समजावलं की कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो सुखीबाईकडे गेला. सुखीबाई त्याची काकी. त्याची आई लहानपणीच वारली, तेव्हापासून त्यानं तिच्याच हातची भाकर खाल्ली होती. तांड्यातली तिजेची सगळी गाणी तिला पाठ. तिनं सुरू केल्याशिवाय पोरी तोंड उघडत नसत.

"फक्त गाणी म्हणायची काकी," तो म्हणाला. "टोपली नाई, गहू नाई. नुसती गाणी."

"नायकाले विचारलं का?"

"विचारतो."

"आधी विचार. मंग माह्याकडे ये."

नायक फुलसिंग अंगणात दोरी वळत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "सुखीबाई काय म्हणते?"

"काकी तयार हाय," देवीलाल म्हणाला.

एवढंच. तीन शब्द. नायकानं दोरीला पीळ देत मान हलवली. "ती तयार असन तर मी कायले नाई म्हणू? पन हरसिंगच्या घरच्याईले यात घेऊ नको. वर्ष व्हायचं हाय अजून."

देवीलाल तसाच उलट्या पावली काकीकडे आला. "नायक हो म्हणे. अन् म्हणे, बिजलीले बी घेऊन जा. पोरीचं मन रमन."

सुखीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "असं म्हणे नायक?"

"हो."

तिनं पुढं विचारलं नाही. बिजलीच्या आईला, बसंतीबाईला, त्यानं हेच सांगितलं. तिनंही मान हलवली. मास्तर सांगतो, नायकाचं नाव घेऊन सांगतो, त्यात विचारायचं काय?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जीप तांड्यावर आली. सात पोरी आणि सुखीबाई. पोरी आता सलवार-कमीज घालणाऱ्या, म्हणून शाळांच्या स्नेहसंमेलनाला कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून देवीलालनं फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, आणली होती. त्यावरचे आरसे प्लास्टिकचे होते. सुखीबाईनं एक आरसा नखानं टोकरून पाहिला आणि सोडून दिला. तिच्या अंगावर तिची स्वतःची ओढणी होती, खऱ्या आरशांची, कवड्यांची, जड.

मैदानावर मोठा मांडव. मंचामागं कापडाच्या आडोशाला सातही पोरींना बसवलं. तिथं एका टेबलावर सात टोपल्या मांडलेल्या होत्या. टोपल्यांत हातभर गहू उगवलेला, कोवळा, पिवळसर हिरवा.

सुखीबाई टोपल्यांजवळ गेली. बोटानं गव्हाची पाती बाजूला करून माती पाहिली.

"हे कोनं पेरलं?"

देवीलाल पुढं झाला. "चंदानं. वर गच्चीवर. नुसतं दाखवायले काकी. हातात धरायचं, बस."

"लगीन झालेल्या बाईनं तीज पेरली?"

"तीज नाई ना ते. दाखवायचं हाय."

सुखीबाई टोपल्यांकडे पाहत उभी राहिली. पोरी तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. बाहेर भोंग्यावर बंजारा समाजाची तीज थोड्याच वेळात, असं पुकारत होते. देवीलालला वाटलं, आता ही परत फिरते.

तिनं हळू आवाजात विचारलं, "नाई म्हटलं तं तुह्यं नाव खाली जाईन?"

तो भोंग्याच्या आवाजाकडे मान वळवून पाहू लागला.

"चला पोरी," ती म्हणाली आणि पहिली टोपली स्वतः उचलून बिजलीच्या हातात दिली.

देवीलाल मंचावर जाऊन खुर्चीत बसला. समोर दीड-दोन हजार माणसं होती. त्याच्या छातीला कागदी फूल लावलेलं होतं. पोरी आल्या, गोल झाल्या, सुखीबाईनं गाणं धरलं. तिचा आवाज म्हातारा झाला होता, पण मांडवाच्या शेवटापर्यंत पोचला. पोरी वाकून वाकून फेर धरू लागल्या. लोकांनी टाळ्या दिल्या. देवीलालच्या शेजारी बसलेले एक साहेब त्याच्याकडे वाकून म्हणाले, "वा राठोड!" आणि त्याला खरंच बरं वाटलं. पुढं जे झालं त्यापेक्षाही या बरं वाटण्याची आठवण त्याला जास्त जाळत राहिली.

गाणं संपलं तशी निवेदिका पुढं आली. दीनानाथ सरांची पुतणी स्पृहा, महाविद्यालयात शिकवायची. आवाज गोड. हातात कागद होता.

"मंडळी, हा आनंद साधा नाही," ती वाचू लागली. "याच तांड्यावर सहा महिन्यांपूर्वी फवारणीच्या विषानं हरिसिंग राठोड नावाचा तरुण बाप हिरावून नेला. त्या वर्षी तांड्यानं तीज केली नाही. आणि आज त्याच हरिसिंगची लेक, बिजली, दुःख गिळून तुमच्यासाठी नाचते आहे. बिजली, पुढं ये बेटा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं उभे राहिले. बिजली जागची हलली नाही. स्पृहाच तिच्याजवळ गेली. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक तिच्या तोंडाशी नेला.

"बाबांची आठवण येते का गं?"

बिजलीच्या हातात टोपली होती. तिनं एकदा माइककडे पाहिलं, एकदा मंचावरच्या खुर्च्यांकडे. देवीलालशी तिची नजर मिळाली. तो त्याच क्षणी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहू लागला.

सुखीबाई मधे आली. तिनं बिजलीच्या हातातली टोपली घेऊन खाली ठेवली. स्वतःची ओढणी डोक्यावरून काढली आणि बिजलीच्या डोक्यावरून, तोंडावरून, पार कमरेपर्यंत घातली. पांढरे केस उघडे पडले. तांड्यातल्या कुणीही तिला असं उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. मग ती आपल्या बोलीत पोरींना म्हणाली, "चालो छोरी, घर." पोरींनी टोपल्या जिथल्या तिथं ठेवल्या आणि तिच्यामागून मंचाच्या पायऱ्या उतरायला लागल्या.

मांडवात कुजबुज सुरू झाली. स्पृहा गोंधळली. "आजी काय म्हणाल्या? राठोड सर, जरा सांगाल का?" तिनं माइक देवीलालच्या हातात दिला.

दीड-दोन हजार माणसं त्याच्याकडे पाहत होती. दीनानाथ सरही मान वळवून पाहत होते. त्याला एवढंच म्हणायचं होतं की ती माझी काकी आहे आणि तिचं बरोबर आहे. ते शब्द त्याच्याजवळ होते. पण तोंडातून दुसरेच आले.

"काही नाही, काही नाही. म्हातारं माणूस आहे. शिकलेली नाही ती. कार्यक्रम म्हणजे काय हे तिला समजत नाही. आपण पुढं चालू या."

लोक हसले. दुष्टपणानं नाही, सुटल्यासारखे हसले. दंडारीचं पथक मंचावर चढलं. कुणीतरी टोपल्या पायानं बाजूला सारल्या.

देवीलाल उठला नाही. दंडार झाली. पोळ्यावर एकाचं भाषण झालं. शेवटी स्मृतिचिन्हं वाटायची होती आणि यादीत त्याचं नाव होतं. अर्धा-पाऊण तास तो बसून राहिला. नाव पुकारलं तेव्हा पुढं गेला, चिन्ह घेतलं, फोटोसाठी थांबला. मग मात्र पळाल्यासारखा मांडवाबाहेर पडला.

त्या सगळ्या रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली बसल्या होत्या. भाड्याच्या कपड्यांतल्या सात पोरी आणि उघड्या डोक्याची म्हातारी. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. एकानं मोबाइलवर फोटोही काढला.

"काकी, जीप आणली," देवीलाल म्हणाला.

"पोरी सकाळपासून उपाशी हायेत. आधी खाऊ घाल त्याईले."

त्यानं गाडीवरून आलुबोंडे आणले. पोरींनी मुकाट्यानं खाल्ले. बिजलीनंही ओढणीच्या आतच खाल्ला. सुखीबाईनं आपला कागद हातातही घेतला नाही.

"काकी, तिथं मी जे बोललो ना..."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "भोंगा इथपर्यंत हाय."

परतीच्या घाटात बिजली ओढणीतच सुखीबाईला टेकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायकानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. तांड्याचा न्यायनिवाडा तिथंच व्हायचा. बाप्ये एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. बसंतीबाई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या मांडीवर बिजलीचं डोकं होतं.

नायकानं सरळ सुखीबाईलाच विचारलं. "तू तयार झाली म्हणून मी हो म्हटलं. अन् बिजलीले नेऊ नका म्हटलं होतं. सुखीबाई, तुले इतकं बी नाई समजलं?"

सुखीबाईनं वर पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं. पुतण्यानं नायकाला काय सांगितलं आणि आपल्याला काय, हे दोन्ही तिच्यासमोर उघडं झालं. तिनं देवीलालकडे पाहिलंसुद्धा. मग ती नायकाला म्हणाली, "माह्यंच चुकलं असन, नायक."

आता खरं काय ते कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. देवीलाल बसून राहिला. नायकाचा कारभारी सुखीबाईला बोलू लागला, एवढ्या वयाची बाई, एवढी जाणती, मेलेल्या माणसाची तरी लाज धरायची. ती मान खाली घालून ऐकत होती. देवीलालला वाटलं, हे एवढं संपू दे, मग आपण तिची एकट्यात माफी मागू. कारभारी बोलतच होता. एक बाईही बोलली. मग तिसरं कुणी.

शेवटी देवीलाल उठला. 

"काकीचं नाई चुकलं. मी खोटं बोललो. तुमाले सांगतलं काकी तयार हाय, अन् काकीले सांगतलं नायक हो म्हणे. बिजलीले न्यायचं बी माह्यंच. तिथं तिच्या बाचं नाव निघणार, हे मले माहीत होतं."

कारभाऱ्यानं नायकाकडे पाहिलं. दूर कुणाची तरी बकरी ओरडत होती.

बिजली उठून बसली. ती शाळेत चौथीपर्यंत त्याच्याच हाताखाली शिकली होती. तिला पहिलं अक्षर त्यानंच गिरवायला दिलं होतं.

"काका, त्याईले बाचं नाव तुमी सांगतलं?"

"हो."

"मंग ते बी चुकीचं काहून सांगतलं? हरिसिंग नोयतं. हरसिंग होतं."

त्यानं नाव बरोबरच सांगितलं होतं. तिकडं लिहिताना चुकलं होतं. पण हे सांगायची हिंमत त्याला झाली नाही. ते सांगण्यात अर्थही नव्हता.

बसंतीबाई पहिल्यांदाच बोलली. "मास्तर, तो गेला तवापासून मी त्याचं नाव माह्या तोंडानं घेतलं नाई. पोरीले आठवण नको म्हणून. तुमी भोंग्यावर घेतलं."

नायकानं दंड लावला नाही. कारभाऱ्यानं दोनदा सुचवलं, तरी लावला नाही. "दंड भरला की गोष्ट मिटते," तो म्हणाला. "हे मिटवायचं की नाई, ते बसंतीनं ठरवायचं. मी कोन?" आणि तो उठून आत गेला.

त्या आठवड्यात देवीलाल दीनानाथ सरांकडे गेला. सरांनी त्याच्यापुढं वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं. फोटोत तो स्मृतिचिन्ह घेत होता.

"सर, त्या दिवशी मी मंचावर जे बोललो ते खोटं होतं," देवीलाल म्हणाला. "ती माझी काकी आहे. तिनंच मला वाढवलं. तिला सगळं समजत होतं. मला हे लोकांना सांगायचंय."

सर गोंधळून पाहत राहिले. "अहो राठोड, ते कुणाच्या लक्षातही नाही. मनाला कशाला लावून घेता? स्पृहाचंही जरा चुकलंच, मी बोललो तिला." मग आतून चहा आला. देवीलालनं तो प्यायला. पुन्हा बोलायचं धाडस झालं नाही.

शाळा रोजच्यासारखी चालू राहिली. पोरं 'गुरुजी' म्हणत होती, पाढे म्हणत होती. बसंतीबाईचा धाकटा दुसरीत होता, तो पाटी दाखवायला जवळ यायचा आणि देवीलालला त्याच्या डोळ्यात पाहवत नसे. मधल्या सुटीत सुखीबाई पूर्वीसारखीच भाकर-भाजी पाठवायची. तिनं त्या दिवसाचा विषय कधीही काढला नाही. त्यानं काढायचा प्रयत्न केला की ती म्हणायची, "जेव तू." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला कितीदा वाटलं.

श्रावण आला. हरसिंगला वर्ष झालं होतं. पोरी रीतीप्रमाणे नायकाकडे परवानगी मागायला गेल्या आणि नायकानं हो म्हटलं. बिजलीचं लग्न ठरलं होतं, तिची ही शेवटची तीज. वारुळाची माती आणली, लेंडीखत मिसळलं, पोरींनी गहू पेरला, नऊ दिवस आळणी जेवून पाणी घातलं.

शेवटच्या दिवशी जावं की नाही, हे देवीलालला ठरवता येईना. चंदा म्हणाली, "नाही गेलात तर ते आणखी वाईट." ती स्वतः मात्र आली नाही. गच्चीवरच्या त्या टोपल्यांपासून तिलाही तांड्यावर तोंड दाखवायची लाज वाटत होती. तो एकटाच गेला आणि नायकाच्या अंगणात बाप्यांच्या मागं, दाराच्या कडेला बसला.

सुखीबाईनं गाणं धरलं. तिजेला पोरी तांड्यातल्या एकेका बाप्याचं नाव घेऊन थट्टा करतात. नायकाच्या मिशा, कारभाऱ्याचं घोरणं, कुणाची मोडकी सायकल, कुणाचं बायकोला घाबरणं. ज्याचं नाव येतं तो लाजतो, बाकीचे हसतात. नाव आलं म्हणजे माणूस तांड्याचा. त्या दिवशी बिजलीनं नायकापासून सुरुवात केली. नायक हसून हसून खोकला. मग कारभारी. मग एकेक घर. काम शोधायला मुंबईकडे गेलेल्यांचीही नावं आली. म्हाताऱ्यांची आली, पाळण्यातल्या पोराचंही आलं. मधे एकदा बिजलीनं बापाचंही नाव घेतलं, हरसिंग, आणि तो नाचताना नेहमी उलटा पाय टाकायचा ते गाण्यात सांगितलं. बसंतीबाई रडली आणि हसलीही.

देवीलाल ऐकत होता. त्याच्या शेजारच्याचं नाव आलं, त्याच्या पुढच्याचं आलं. तो ताठ बसला. मग गाण्याचा सूर बदलला. पोरींनी टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि विसर्जनासाठी नाल्याकडे निघाल्या.

त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. राग म्हणून नाव गाळलं की दुखावायला नको म्हणून, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही हे मात्र पक्कं कळलं. सगळे बाप्ये उठून पोरींच्या मागं चालू लागले. तोही उठला आणि सगळ्यात शेवटी, चिखलातून, त्यांच्या मागं चालू लागला.